मिस्त्रींनी छपराबद्दल सांगितलं ते

मोठ्या चौकातल्या जुन्या नाट्यगृहात येणारा प्रत्येक जण बॅटरीताईला ओळखायचा. तिचं खरं नाव काय, हे मात्र पगार वाटणाऱ्या कारकुनाशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. नाटक सुरू होऊन दिवे मालवले, की उशिरा आलेल्यांना बॅटरीच्या उजेडात खुर्चीपर्यंत पोचवायचं, हे तिचं काम. उजेड ती नेहमी माणसाच्या पावलांपुढे पाडायची, चुकूनही तोंडावर नाही. एखादा बडा असामी धापा टाकत यायचा आणि वर तिच्यावरच डाफरायचा, "सुरूसुद्धा केलंत?" ती त्याच्या कानाशी वाकून म्हणायची, "नायक तेवढा मेलाय साहेब. बाकी काही झालेलं नाही."

वडील अंथरुणाला खिळले तेव्हा कॉलेज अर्धवट टाकून ती या नोकरीला लागली होती. तात्पुरती म्हणून. तात्पुरतं म्हणता म्हणता केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, आणि त्या इमारतीचा कोपरान् कोपरा तिच्या अंगवळणी पडला.

बाहेरून इमारत तशी फार देखणी नव्हती. रस्त्याच्या बाजूला जाडजूड दगडी खांब, वर त्रिकोणी माथा आणि माथ्यावर दोन मुखवटे, एक हसरा, एक रडका. पाखरांनी वर्षानुवर्षं बसून बसून दोघांची तोंडं एकसारखीच करून टाकली होती. आत पाऊल टाकलं की मात्र बोलता माणूस गप्प व्हायचा. प्रेक्षागृह घोड्याच्या नालासारखं गोलाकार. एकावर एक असे दोन सज्जे, त्यांच्या कठड्यांवर चुन्यात काढलेली फळाफुलांची वेलबुट्टी, आणि सगळ्यांच्या वर निळसर घुमट. घुमटाच्या ऐन मध्ये एक गोल जाळी होती. लोकांना ती शोभेची वाटायची, पण गॅसचे दिवे होते त्या काळी सगळी धग आणि धूर तिथून वर निघून जात असे. सज्जे तोलायला बिडाचे खांब होते आणि प्रत्येक खांबामागे अशी एखादी खुर्ची होती, जिथून अर्धंच स्टेज दिसायचं. ती तिकिटं स्वस्त असत. घेणारी बहुतेक जोडपी असत, आणि त्यांना उरलेल्या अर्ध्या स्टेजचीही फारशी गरज नसे.

वरच्या सज्ज्याला वेगळा जिना होता, मागच्या बोळातून चढणारा, अरुंद आणि अंधारा. स्वस्त तिकीटवाल्यांनी समोरच्या दारात बग्गीतून उतरणाऱ्या मंडळींच्या अंगावर येऊ नये, म्हणून केलेली ती सोय. बॅटरीताई तो जिना शाळेच्या मुलांना मुद्दाम दाखवायची. "सगळ्यांनी एकत्र रडावं असं बांधणाऱ्याला वाटत होतं," ती म्हणायची, "पण एकत्र चढावं असं वाटत नव्हतं."

हा बांधणारा लाकडाचा व्यापारी होता. त्याची वखार त्याच जागेवर होती. एकदा आग लागली आणि सगळी वखार बेचिराख झाली. वाचले ते फक्त नदीच्या पाण्यात भिजत टाकलेले मोठाले ओंडके. लोक म्हणाले, आता हा उठत नाही. त्याने ते ओंडके वर काढले, वाळवले आणि राखेच्या जागी नाट्यगृह उभं केलं. छपराच्या सगळ्या तुळया त्याच ओंडक्यांच्या. पुढे तिथे नाटकं झाली, मग मूकपट आले, युद्धाच्या काळात खुर्च्या काढून धान्याची पोती रचली गेली आणि उंदरांनी पडद्याच्या मखमलीची चाळण केली. युद्ध सरलं, खुर्च्या परत आल्या, नाटकं परत आली. बॅटरीताई ही सगळी कहाणी मध्यंतरात सांगायची, आणि मुलं दुसऱ्या घंटेकडे काणाडोळा करून ऐकत राहायची.

ही कहाणी तिला सांगितली होती मिस्त्रींनी. मिस्त्री म्हणजे स्टेजचे सुतार. नाटकातली घरं उभी करायची, मोडायची, वरचे दोर आणि कप्प्या सांभाळायच्या, मोडलेल्या खुर्चीला पाय बसवायचा, सगळं त्यांच्याकडे. ती नवी होती तेव्हा एका दुपारी ते तिला घुमटाच्या वर घेऊन गेले होते. बुटक्या दारातून रांगत जावं लागायचं. वर एक लांबच लांब लाकडी पन्हळ होती आणि तिच्यात सोडायला लोखंडी गोळे. गोळा घरंगळला की खाली प्रेक्षागृहात ढग गडगडायचे. मिस्त्रींनी तिला दाखवायला म्हणून एक गोळा सोडला. खाली तालीम चालू होती आणि नायक नायिकेला मागणी घालत होता. दिग्दर्शकाने खालून अशा काही शिव्या हासडल्या, की बॅटरीताई हसून हसून बेजार झाली. मिस्त्री एरवी हसत नसत, त्या दिवशी हसले. मग त्यांनी तिचा तळवा एका तुळईवर टेकवला. "बघ, कशी आहे. आपण जाऊ, ही राहील."

पुढच्याच वर्षी दोघांचं लग्न झालं. वरच्या सज्ज्यामागच्या दोन खोल्या त्यांना राहायला मिळाल्या, गोल खिडक्यांच्या. त्यांची लेक सज्ज्यातल्या खुर्च्यांना धरून धरून चालायला शिकली.

मिस्त्री मितभाषी. पण जे बोलायचे ते काळ्या दगडावरची रेघ. "ही फळी आज नको" म्हणाले, की मोठमोठे नट तिला वळसा घालून जायचे. बॅटरीताईनेही आयुष्यभर तेच केलं होतं. हे म्हणाले ना, मग झालं.

व्यापाऱ्याच्या पणतवाने इमारत विकली आणि नवा मालक आला. मोठा गोड माणूस. भेटला की आधी बॅटरीताईच्या गुडघ्यांची चौकशी करायचा. त्याला तिथे दुकानांची उंच इमारत बांधायची होती. बातमी फुटली तशी मास्तरीणबाई पुढे सरसावल्या. या निवृत्त शिक्षिका, शाळकरी वयापासून मागच्या जिन्याने वरच्या सज्ज्यात येणाऱ्या. त्यांनी शहरातली चार जाणती माणसं गोळा केली, पण लोक जमले ते खरे बॅटरीताईमुळे. ती नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर उभी राहून बोलायची. तिने ज्यांना अंधारात हाताला धरून खुर्चीवर बसवलं होतं, ते सगळे येऊन पायऱ्यांखाली उभे राहायचे. भाजीवाल्या थांबायच्या, वकील थांबायचे.

अखेर नगरपालिकेने निकाल एका प्रश्नावर आणून ठेवला. इमारत धड असेल तर जुनी वास्तू म्हणून राखायची. छप्पर धोक्याचं असेल तर पाडायची.

तपासायला इंजिनिअर आला. घुमटावर दिवे नव्हते, जागा अडचणीची. कुठे काय आहे ते मिस्त्रींनाच ठाऊक, म्हणून तेच त्याला घेऊन वर गेले. खाली उतरले तेव्हा दोघांचेही कपडे धुळीने माखले होते. बॅटरीताई पाणी घेऊन उभी होती.

"काय हो?"

मिस्त्रींनी तांब्या तोंडाला लावला, सगळं पाणी प्यायले आणि म्हणाले, "वाळवी. आतून पोकळ झाल्यात सगळ्या."

ती तिथेच पायरीवर बसली. त्या दिवशी चूल पेटली नाही. मिस्त्री तिच्या शेजारी बसून राहिले, तिच्या पाठीवरून हात फिरवत. इतकं मायेने त्यांनी किती तरी वर्षांत केलं नव्हतं.

मग सभा झाली, नाट्यगृहातच, भर दुपारी. खालच्या खुर्च्या भरल्या, सज्जे भरले. इंजिनिअरने अहवाल सांगितला. मिस्त्रींनी उभं राहून दोन वाक्यांत तेच सांगितलं. लोक चिडले. "मालकाने पढवलंय!" कोणीतरी ओरडलं. गलका वाढला तशा मास्तरीणबाई उठल्या आणि मिस्त्रींकडे न बघता बॅटरीताईकडे वळल्या.

"तू सांग. तुझा काय विश्वास आहे?"

सगळं प्रेक्षागृह तिच्याकडे बघायला लागलं. बॅटरीताईचा आवाज खणखणीत निघाला. "हे माझे यजमान आहेत म्हणून नाही सांगत. या छपराखाली आमची मुलगी वाढली. त्यांनी म्हटलं वाळवी आहे, तर आहे. तुम्हाला मी आजवर हाताला धरून बसवलं. या छपराखाली आता नाही बसवणार. घरी चला."

आणि लोक उठले. पुष्कळ जण जाता जाता तिच्या खांद्यावर हात ठेवून गेले.

त्यानंतर सगळं भराभर उरकलं. दरवान, कपडेपट सांभाळणारी बाई, दिवेवाले, सगळे आपापल्या वाटेने गेले. मिस्त्रींना मात्र नव्या मालकाने घर दिलं. लिफ्टची इमारत, ऐसपैस स्वयंपाकघर, उन्हाची बाल्कनी. बॅटरीताईला थोडं अवघडल्यासारखं झालं, पण मिस्त्री म्हणाले, "आपण तिथे राहत होतो ना. राहत्या माणसाला काढलं तर जागा द्यावी लागते." हे म्हणाले ना, मग झालं.

पाडकाम सुरू झालं तेव्हा मिस्त्री तिला जाऊ देईनात. "कशाला बघतेस? उगाच जीव तुटेल." ती काही दिवस गेली नाही. मग एका सकाळी दळण टाकायला म्हणून बाहेर पडली आणि पाय आपोआप चौकाकडे वळले.

घुमट गेला होता. वर नुसतं आभाळ. सज्जे अर्धे कापलेले, त्यांच्या कडेला वेलबुट्टीतली फळं लटकत होती. कुंपणाबाहेर, बोळाच्या तोंडाशी, छपरातून उतरवलेल्या तुळया ओळीने मांडून ठेवल्या होत्या, आणि जुन्या लाकडाचा एक व्यापारी त्यांच्यावरून हात फिरवत हिंडत होता. चेहरा असा खुललेला, जणू मुलीला स्थळ मिळालंय.

बॅटरीताईला त्याची कीव आली. "अहो, वाळवीचं लाकूड घेऊन काय करणार तुम्ही? जळण?"

तो हसायलाच लागला. "कुठली वाळवी, मावशी? जळण काय म्हणता! असलं लाकूड आता बघायला मिळत नाही. हे ऐका." त्याने हातोडीने एका तुळईवर ठोका दिला. घंटेवर पडावा तसा आवाज झाला. पलीकडे त्याच्या माणसाने एक तुळई करवतीने कापली होती. आतलं लाकूड मधासारखं, सलग, आणि त्याला तेलकट गोडसर वास येत होता. पाण्यात भिजून वाचलेले ते ओंडके इतक्या वर्षांनीही ताजे असल्यासारखे.

"ही चांगली असेल. बाकीच्या?"

"हिंडून बघा की."

ती हिंडली. दुखऱ्या गुडघ्यांनी प्रत्येक तुळईपाशी वाकली, बोटांनी चाचपून बघितलं. एका तुळईचं एकच टोक भुसभुशीत झालेलं होतं, पावसाचं पाणी गळायचं त्या बाजूचं. हातभरसुद्धा नाही. तेवढंच. बाकी एकही डाग नाही.

दळणाचा डबा तिने कुठे ठेवला, तिला नंतर आठवेना.

मिस्त्री बाल्कनीत स्टुलाच्या पायाला रंधा मारत होते.

"अहो, ती तुळई धड होती."

रंधा थांबला. "कुठली?"

"सगळ्या."

मिस्त्रींनी हातातल्या लाकडावरचा भुसा पुसला. "वाळवी होती," ते म्हणाले.

"एका टोकाला. तेवढंच दाखवलंत ना त्या इंजिनिअरला?"

मिस्त्रींनी रंधा खाली ठेवला. मग एकदम बोलायला लागले, आयुष्यात बोलले नव्हते इतके. "तुझे गुडघे बघ. रोज तो जिना चढताना उशी तोंडात कोंबल्यासारखी कण्हायचीस, मला ऐकू येत नव्हतं? आणि आपलं होतं काय? उद्या मी पडलो असतो तर तुला त्या खोलीतूनही काढलं असतं. मालक म्हणाला, घर देतो. लिफ्टचं. मी तुझ्यासाठी केलं."

"मला विचारायचं होतं."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाही?"

मिस्त्रींनी परत रंधा उचलला.

बॅटरीताई दाराची चौकट धरून उभी होती. "बरं. मला खोटं सांगितलंत, ते सांगितलंत. पण सभेत बाई माझ्याकडे वळतील, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"माझं कोण ऐकणार होतं गं? मी मालकाच्या पगारातला. तू बोललीस म्हणून लोकांनी ऐकलं."

"म्हणजे ठाऊक होतं."

"होतं," मिस्त्री म्हणाले.

पाठीवरून फिरणारा तो हात तिला आठवला. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर तिने भांडून घर डोक्यावर घेतलं असतं. पण हा केसाने गळा कापणारा माणूस तिचा स्वतःचा होता, आणि कापताना तिला झोप लागावी म्हणून थोपटतही होता.

तिने लेकीला फोन लावला. सगळं सांगितलं. मग लेक म्हणाली, "आई, बाबांनी तुझ्याच भल्यासाठी केलं गं."

"तुला कधीपासून माहीत?"

"घर बघायला मीच गेले होते त्यांच्याबरोबर. स्वयंपाकघराच्या फरशीचा रंग मी निवडला. तुला आवडेल म्हणून." ती रडायला लागली. बॅटरीताईने फोन ठेवला. फरशी तिला खरंच आवडली होती.

दुसऱ्या दिवशी ती मास्तरीणबाईंकडे गेली. बाईंनी दार उघडलं, पण आत ये म्हणाल्या नाहीत. उंबऱ्यातच उभ्या राहून सगळं ऐकून घेतलं.

"मलाही फसवलं, बाई."

"असेल. त्याच्यावर माझा विश्वास नव्हताच. तो मालकाचा माणूस. माझा विश्वास तुझ्यावर होता. नाट्यगृह तुझ्या शब्दावर पडलं."

बॅटरीताई पायरीवर बसून राहिली. बऱ्याच वेळाने मास्तरीणबाई पाण्याचा पेला घेऊन बाहेर आल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. दोघी मिळून नगरपालिकेत गेल्या. तिथला अधिकारी भला होता, पण तो तरी काय करणार? इमारतच उरली नव्हती. नव्या मालकाने निरोप पाठवला, की जाणकार माणसाने सांगितलं ते आम्ही मानलं, आमची त्यात काय चूक? यानंतर त्याने तिच्या गुडघ्यांची चौकशी कधी केली नाही.

मग तिने एक केलं. ती दारोदार गेली. दरवानाकडे, दिवेवाल्यांकडे, चौकातल्या दुकानांत, सभेला आलेल्या जितक्या लोकांची घरं ठाऊक होती तितक्यांकडे. प्रत्येक ठिकाणी उभ्या उभ्या सांगायची, "छप्पर धड होतं. आमचे हे खोटं बोलले आणि मी ते खरं म्हणून तुम्हाला सांगितलं." काहींनी हळहळ केली. काही म्हणाले, आम्हाला वाटलंच होतं. एका दुकानदाराची बायको म्हणाली, "आता झालं ते झालं. नवऱ्याची अब्रू अशी चव्हाट्यावर मांडतात का?"

"माझी त्यांनी भरल्या सभेत मांडली," बॅटरीताई म्हणाली, आणि पुढच्या दुकानात गेली.

घरी ती राहिलीच नाही. कपडेपटातल्या बाईच्या मागच्या खोलीत जाऊन राहिली. ती बाई आता शाळांच्या कार्यक्रमांसाठी कपडे शिवायची. बॅटरीताई तिला बटणं लावून द्यायची, काज करून द्यायची. ती बाई फटकळ, पण मनाची मोकळी. "तुझ्या नवऱ्याने माझी नोकरी घालवली," पहिल्याच दिवशी म्हणाली, "तेव्हा चहा तू करायचास." मिस्त्री दोनदा येऊन बाहेर रस्त्यावर उभे राहून गेले. ती खिडकीत आली नाही.

थंडीत मिस्त्रींची छाती भरली. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया. लेक नोकरी सोडून किती दिवस राहणार? बॅटरीताई पिशवी घेऊन त्या घरी गेली. तिने त्यांना अंग पुसून दिलं, पेज भरवली, औषधांच्या वेळा सांभाळल्या, खोकल्याची उबळ आली की पाठीला उशी लावली. कशात कमी केलं नाही. ते बरे होत आले तरी परत गेली नाही. कुठे जाणार होती, आणि किती वर्षं? कपडेपटातल्या बाईलाही जागा हवी होती.

पण एक गोष्ट त्या घरात कायमची होऊन बसली. मिस्त्री म्हणायचे, "गोळी घेतली मी." ती पाकीट उचलून बघायची. ते म्हणायचे, "दूध खाली उतरवलंय." ती उठून स्वयंपाकघरात जाऊन यायची. दूध उतरवलेलंच असायचं. नेहमीच असायचं. ते म्हणायचे, लेकीचा फोन आला होता, ती विचारते आहे तू कशी आहेस. ती लेकीला फोन लावून विचारायची, केला होतास का फोन? रागाने नाही. तिच्या आवाजात राग उरलाच नव्हता. रांगोळी पुसावी तसा आतला तो जुना भरवसा कोणीतरी पुसून टाकला होता, आणि तिथे आता प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी बघावी लागत होती.

एका सकाळी मिस्त्री पलंगावर उठून बसले होते. खिडकीचा पडदा ओढलेला होता. "बाहेर छान ऊन पडलंय," ते म्हणाले. "जरा बस जा बाल्कनीत. गुडघ्यांना बरं वाटेल."

बॅटरीताई उठली, खिडकीपाशी गेली, पडदा बाजूला करून तिने ऊन बघितलं, आणि मगच खुर्ची बाहेर नेली. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.